आहे, पण त्रास नाही

नोकरीतली शेवटची तीन वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत होते: त्रास आहे का? पगार त्याचाच मिळायचा. आता या अंकाच्या संपादकांनी बजावलंय, "काकू, कामाबद्दल लिहा, पण जरा हलकंफुलकं." एचआयव्हीच्या औषधांच्या अभ्यासाबद्दल हलकंफुलकं कसं लिहायचं हे काही त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांनी काळजी करू नये. गंभीर कामात हसण्यासारखं किती असतं ते आत शिरल्याशिवाय कळत नाही.

आधी तो प्रश्न सांगते. आमच्या फॉर्मवर वीस तक्रारी छापलेल्या असत. थकवा, चक्कर, मळमळ, झोप न लागणं, हातापायाला मुंग्या, विसराळूपणा, उदास वाटणं, अशा. प्रत्येक तक्रारीपुढे पाच चौकोन. शून्य म्हणजे 'नाही'. एक म्हणजे 'आहे, पण त्रास वाटत नाही'. दोन म्हणजे 'थोडा त्रास', तीन 'बराच', चार 'फार'. गेले चार आठवडे आठवायचे आणि एका चौकोनात टिक करायची. हा फॉर्म कुठल्याशा थंड देशात बनला होता. तिथल्या विद्वानांना तो दुसरा चौकोन सुचला कसा याचं मला अजून नवल वाटतं, कारण अख्खी भिवंडी त्याच चौकोनात राहते. खड्डे आहेत, पण त्रास वाटत नाही. कापडाच्या लूमची खडखड आहे, पाणी दिवसाआड आहे, नाक्यावर कंटेनर आडवा झालेला आहे, पण त्रास वाटत नाही. त्रास वाटून घ्यायला सवड लागते, ती आमच्याकडे नव्हती.

मी मूळची इथलीच. वडील शाळेत मास्तर, नवरा कोर्टात कारकून. एका धर्मादाय रुग्णालयात समुपदेशक म्हणून मी लागले, तेव्हा एचआयव्ही म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची मागे सरकवायचा. आमचं काम मुख्यतः लोकांना रडू द्यायचं आणि पाणी द्यायचं. मग चांगली औषधं आली आणि माणसं मरायची थांबली. ती कामाला जायला लागली, मुलांची लग्नं करायला लागली, आणि लग्नात जेवण बरं नव्हतं म्हणून तक्रारही करायला लागली. मला हे फार आवडायचं. जेवणाबद्दल कुरकुर करणारा पेशंट म्हणजे आमच्या कामाची पावती होती.

पण एक गोष्ट राहून जात होती. गोळीनं विषाणू दबला की नाही ते रक्ताच्या तपासणीत दिसतं. गोळी घेणाऱ्याला दिवसभर कसं वाटतं ते रक्तात दिसत नाही, ते त्यालाच विचारावं लागतं. आणि गोळी जन्मभर घ्यायची, म्हणजे ज्या गोळीनं जीव नकोसा होतो ती माणूस कधी ना कधी टाकून देणार. म्हणून नव्या औषधांचे अभ्यास होतात तेव्हा रुग्णाचा स्वतःचा अनुभवही मोजतात. आमच्या रुग्णालयात असा एक अभ्यास आला. अर्ध्या लोकांना जुनी गोळी, अर्ध्यांना नवी, दिसायला दोन्ही सारख्या. कोणाला कोणती ते पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच. माझ्याकडे तो फॉर्म आला.

फॉर्मबरोबर प्रशिक्षण आलं. ते एका मोठ्या हॉटेलात झालं, इतकं गार की मी शाल घेऊन बसले होते. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. समजावून सांगायचं नाही. मान डोलवायची नाही, कपाळाला आठी घालायची नाही, 'अरेरे' म्हणायचं नाही. पेशंट डॉक्टरांना भेटण्याआधीच फॉर्म भरून झाला पाहिजे, म्हणजे डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून तो खोटं बोलणार नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. रिकामी जागा सोडायची नाही. तिच्यावर तिरकी रेघ, सही, तारीख. पहिल्या महिन्यात मी घरच्या वाणसामानाच्या यादीतही साखर खोडून शेजारी सही करत होते.

मराठी फॉर्मची कथा वेगळीच. आधी कोणीतरी इंग्रजीचं मराठी केलं. मग दुसऱ्या कोणीतरी, मूळ फॉर्म न बघता, त्या मराठीचं परत इंग्रजी केलं. मग तिसऱ्यांनी दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून भांडण मिटवलं. एवढ्या हातांतून आलेली मराठी मंत्रालयातून आल्यासारखी दिसायची. 'आपणांस क्षुधामांद्य जाणवते काय?' हे मी एका म्हाताऱ्या बाईंना नियमानुसार जसंच्या तसं वाचून दाखवलं, तर त्या घाबरून रडायला लागल्या. आधीचं एक दुखणं होतंच, त्यात हे आणखी एक निघालं असं त्यांना वाटलं. मी नियम मोडून म्हटलं, "आजी, भूक लागते का?" त्या म्हणाल्या, "लागते की. का, जेवायला देताय?" हे मी वर, अभ्यास चालवणाऱ्या मुख्य कार्यालयाला, कळवलं. अकरा महिन्यांनी 'भूक' हा शब्द मंजूर होऊन आला.

दुसरी कथा मुकादमांची. दीनानाथ मुकादम कामतघरच्या एका लूमच्या कारखान्यात कारागिरांवर देखरेख करायचे. मूळचे उत्तर प्रदेशातले, तीस वर्षं इथे, माणूस हुशार आणि बोलका. त्यांच्या कारखान्यात महिन्याने पाळी बदलायची. अगदी पहिल्या काही महिन्यांत झोपेचा प्रश्न वाचला की ते एका महिन्याला शून्य सांगत आणि दुसऱ्या महिन्याला चार.

"मुकादमजी, रात्री झोप लागत नाही?"

"मैडम, रात में सोऊँगा तो मालिक खड़ा रखेगा क्या? रात पाली है."

फॉर्म संगणकात गेला. आठवड्यानं वरून चौकशी आली की या रुग्णाला एकाआड एक महिना तीव्र निद्रानाश का होतो. मी उत्तर लिहिलं: रात्रपाळी. लगेच दुसरी चौकशी आली. रात्रपाळी ही प्रतिकूल घटना आहे काय? असल्यास केव्हा सुरू झाली, अद्याप चालू आहे काय, आणि तिच्यासाठी कोणते औषध दिले? मी मुकादमांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिख दीजिए, तीस साल से चालू है. दवा चाय." मी तसं लिहिलं नाही, एवढी हिंमत माझ्यात नव्हती. पण लिहायला हवं होतं, असं आता वाटतं. त्यानंतर मुकादम झोपेलाही 'एक' सांगायला लागले.

आता माझ्या बढाईकडे येते. सगळे नियम मी पाळायचे, फक्त एका ठिकाणी मी माझी भर घातली होती. पेशंट दारात आला की मी म्हणायचे, "या, काय, बरंय ना?" एवढंच. मग फॉर्म उघडायचा आणि छापलेलं वाचायचं. माणसं मला मानत असत ती या दोन शब्दांमुळे, अशी माझी समजूत होती. नुसतं 'बसा, प्रश्न पहिला' असं कोणी माणसाला म्हणतं का? आपल्याकडे तर कोणी दवाखान्यात पडलेला असला तरी आपण 'बरंय ना?' म्हणूनच आत शिरतो.

आणि आमचं काम नामी चाललं होतं. एकही चौकोन रिकामा नाही, एकही व्हिजिट चुकलेली नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्याकडे कोणाला त्रासच नव्हता. एका बैठकीत पडद्यावर सगळ्या केंद्रांचे आलेख दाखवले. बाकीच्यांच्या रेघा वरखाली उड्या मारत होत्या, आणि भिवंडीची रेघ एक या आकड्यावर पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. समोरचे साहेब म्हणाले, हे केंद्र आदर्श आहे. मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी चौकट करून आणलं आणि डॉक्टरांच्या खोलीत लावलं. डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांनाही सरळ रेघ आवडायची. आयुष्यभर भिवंडीत राहिलेल्या बाईला या गावात काहीतरी सरळ निघालंय याचाच संशय यायला हवा होता. मला तो आला नाही.

आता सुगंधाबद्दल. नाव अर्थातच बदललंय. तिचं गाव अंबाडीच्या पुढे आत. वय पस्तीसच्या आसपास. नवरा गेलेला, घरी सासू आणि एक मुलगी. पडघ्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये ती पॅकिंगला होती. आमच्याकडे यायची त्या दिवशी घरी सांगायची की आज गोडाऊनची मीटिंग आहे. तिच्या दुखण्याचं घरात कोणालाच माहीत नव्हतं. गोळ्यांची बाटली गोडाऊनच्या कपाटात, जेवणाच्या डब्यामागे.

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. पेशंट रस्त्यात दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही. तो बोलला तर बोलायचं, नाहीतर समोरची पाटी वाचत पुढे जायचं. मी भिवंडीतल्या सगळ्या पाट्या अशाच वाचल्या आहेत. सुगंधा मला पडघ्याच्या बाजारात दोनदा दिसली, आणि दोन्ही वेळा मी खताच्या दुकानाची पाटी वाचली.

ती यायची, मी "काय सुगंधा, बरंय ना?" म्हणायचे, ती मान हलवून बसायची. मग मी वाचायचे आणि ती पटापट सांगायची, "एक. एक. एक. लिवा एक." वीस प्रश्न चार मिनिटांत. मला वाटायचं, किती समंजस बाई! नाहीतर मुकादम, चहा आल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाच्या पुढे सरकत नसत.

एके दुपारी तिचा फोन आला.

"म्याडम, पुढल्या व्हिजिटला सही डाव्या हातानं चालंल का?"

"का गं? उजव्याला काय झालं?"

"पलस्तर हाय. शिडीवरून पडले गोडाऊनला. म्हून इचारलं, नायतर माझी व्हिजिट फुकट जायाची."

मी तिला दुसऱ्याच दिवशी बोलावलं. ती यायच्या आधी तिची फाइल काढून बसले. आठ फॉर्म होते. चक्कर: एक, एक, एक, आठही वेळा एक. खाली माझी सही, तारीख, सगळं सुवाच्य. मास्तरांची मुलगी मी, अक्षर चांगलं.

ती आली. हात गळ्यात बांधलेला, चेहरा ओढलेला. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "ये गं, बरंय ना?" आणि पलस्तरातल्या हाताची ती बाई म्हणाली, "हो."

मी फॉर्म बाजूला ठेवला. "सुगंधा, पडलीस कशी?"

"गरगरलं. तिसऱ्या फळीवर खोकं ठेवत होते, आनि सगला गोडाऊन फिरला."

"हे कधीपासून?"

"पयल्यापासून. गोली घेतली का तासाभरानं फिरतं. सपनं पन पडतात, अशी का उठून बसते आनि पोरीला चाचपून बघते, जित्ती हाय ना म्हून."

"मग दर वेळी एक का सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मला एवढंही कसं कळत नाही अशा चेहऱ्यानं. "तुमी दारातच बोलायच्या, बरंय ना? तुमी येवढ्या मायेनं बोलायच्या, आनि मी न्हाय बोलू? तुमाला वाईट वाटलं आसतं. आनि मुकादमांनी सांगितलेलं, एकच लिवायचं."

"कोणते मुकादम?"

"आपले. भायेर बाकावर बसतात ते."

मग सगळं बाहेर आलं. अभ्यासाच्या सुरुवातीला एका पेशंटनं सगळ्या चौकोनांत चार लिहिले होते. पुढल्या महिन्यात तो आला नाही. तो बहिणीच्या लग्नाला मुलखाला गेला आणि तिकडेच राहिला, औषधंही तिकडच्याच केंद्रात घ्यायला लागला, हे आम्हाला माहीत होतं. बाकावरच्यांना नव्हतं. त्यांनी हिशोब मांडला: चार लिहिलं की नाव कापतात. मग मुकादमांनी बाकावर शिकवणी सुरू केली, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला उत्तरं पाठ करून दिली. माझ्या दारापासून दहा पावलांवर, जवळजवळ दोन वर्षं. मी आत बसून माझ्या सरळ रेघेचं कौतुक करत होते.

मी मुकादमांना आत बोलावून विचारलं. ते जराही गडबडले नाहीत.

"ऐसा है मैडम, ज़ीरो लिखेंगे तो आप सोचेंगी, गोली खाता नहीं, फेंक देता है. चार लिखेंगे तो नाम कटेगा. एक में किसी को तकलीफ़ नहीं. आपको भी नहीं."

"आणि तुम्हाला काही त्रास असला तर?"

"वो तो है. मगर वो आपके काग़ज़ का थोड़े ना है."

मला राग यायला हवा होता, पण कोणावर येणार? त्या माणसानं बाकावर बसून पंचवीस जणांची औषधं वाचवली, असंच त्याला वाटत होतं. मी गार हॉटेलात शाल पांघरून शिकून आले, आणि त्यानं लाकडी बाकावर बसून माझा सगळा अभ्यास निकालात काढला.

मुकादम बाहेर गेल्यावर मी सुगंधाला म्हटलं, "अगं, पण प्रश्न विचारल्यावर तरी सांगायचंस. मी दर वेळी विचारत होते ना, चक्कर येते का?"

"तुमी इचारलं न्हाय म्याडम," ती म्हणाली. "तुमी वाचलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी उठून खिडकीपाशी गेले. नियमानं मला 'अरेरे' म्हणायला बंदी होती, आणि त्या वेळी दुसरा शब्दच सुचत नव्हता.

खरं दुखणं तर पुढेच होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू, ते तुला अभ्यासातून काढून सरकारी केंद्रात पाठवतील, तिथे दुसरी गोळी मिळते, ही चक्कर जाईल. तिनं माझा हात धरला, डाव्या हातानं, घट्ट.

"नको म्याडम. तितं माझी नणंद कामाला हाय."

"ती कोणाला सांगेल असं वाटतं तुला?"

"न्हाय सांगनार. ती चांगली हाय. पन तिला कलंल ना. मंग ती माझ्याकडं जशी बघंल, तशी ती आजवर बघितली न्हाय. तेवढंच मला नको. शिडीवरून पुन्ना पडंन, पन ते नको."

आठ महिने ही बाई गोळी घेऊन शिडी चढत होती, कारण आमच्या अभ्यासातून बाहेर पडायची एकच वाट तिला माहीत होती, आणि ती नणंदेच्या टेबलावरून जात होती. वीस प्रश्नांत हा प्रश्न कुठेच नव्हता. मी डॉक्टरांकडे गेले. ते आधी प्रशस्तिपत्राकडे बघत बसले, मग म्हणाले, "कल्याणच्या केंद्राला चिठ्ठी देऊ. पेशंट मागेल त्या केंद्रात जाऊ शकतो, त्यात काय मोठं!" चिठ्ठी लिहायला दहा मिनिटं लागली. शिक्क्याची शाई वाळली होती म्हणून आणखी पाच. पंधरा मिनिटांचं काम होतं, आणि त्यासाठी तिनं मनगट मोडून घेतलं.

अभ्यास सोडताना एक शेवटचा फॉर्म भरायचा असतो. तिनं तो भरला. मी दारात काहीच म्हटलं नाही. ती बसली. मी विचारलं, "चक्कर?" आणि गप्प बसले. तिनं पलस्तरातला हात मांडीवर नीट ठेवला. मग बोलायला लागली ती थांबेचना. मी चौकोनांत टिक करत गेले. चार. चार. तीन. चार. फॉर्मच्या शेवटी तीन ओळींची एक जागा होती: 'इतर काही सांगायचे असल्यास'. दोन वर्षांत तिथे कोणी काही सांगितलं नव्हतं, मी प्रत्येकावर तिरकी रेघ मारून सही करायचे. सुगंधा म्हणाली, "हितं मी लिवते." डाव्या हातानं, पेन मुठीत धरून, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनं लिहिलं: 'पोरीला वाटतं आई रागीट झाली. आई रागीट न्हाय. गोळीनं व्हतं.' तीन ओळी भरल्या आणि थोडं समासातही गेलं.

फॉर्म वर गेला आणि आठवड्यानं चौकशी आली. मजकूर निर्धारित जागेबाहेर गेला आहे, खुलासा करावा. आणि मागील आठ भेटींत चक्कर एक, या भेटीत चार. कोणती नोंद बरोबर?

त्याबरोबर मॉनिटरबाईंचा फोनही आला. या दर दोन महिन्यांनी बंगळूरहून येऊन आमच्या फाइली तपासायच्या. पोरगी गोड होती. म्हणाली, "मॅडम, 'अलीकडे त्रास वाढला' असं लिहा, म्हणजे मिटेल. तुमचं केंद्र इतकं छान आहे, उगाच कशाला."

अलीकडे त्रास वाढला. तीन शब्द. सगळ्यांचं भलं झालं असतं: माझं, डॉक्टरांचं, रेघेचं. माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. खोटं सांगत नाही, पेन उचललंही होतं. मग समासातली ती ओळ पुन्हा वाचली आणि उत्तर लिहिलं: 'या भेटीची नोंद बरोबर. आधीच्या आठ चूक. चूक रुग्णाची नाही, विचारणारीची.' खाली सही, तारीख. आणि वेगळ्या कागदावर बाकाची, मुकादमांची आणि माझ्या 'बरंय ना'ची सगळी हकीकत.

मग व्हायचं ते झालं. वरून माणसं आली. आमच्या केंद्राचे दोन वर्षांचे फॉर्म मोजणीतून बाजूला काढले. डॉक्टर पंधरा दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. प्रशस्तिपत्र परत करायचा काही नियम नव्हता, म्हणून ते भिंतीवर तसंच राहिलं. ते आहे, पण कोणाला त्याचा त्रास वाटत नाही. मी बाक उचलून दुसऱ्या टोकाला नेला आणि प्रत्येक पेशंटला पहिल्यांदा एकच सांगायला लागले: इथे काहीही सांगितलं तरी औषध बंद होत नाही. हे वाक्य छापलेलं होतंच, बारीक अक्षरात, पहिल्या दिवशी सही घ्यायच्या सोळा पानांत. ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सांगितलं नव्हतं.

सगळ्यांचे फॉर्म नव्यानं सुरू झाले. भिवंडीची रेघ आता वरखाली होत गेली, अगदी आमच्या रस्त्यांसारखी. मुकादमांनी पहिल्याच फॉर्मात सहा ठिकाणी चार दिले, आणि वर विचारलं, "नाम तो नहीं कटेगा ना?" नाही कापलं. त्यांच्या पायांची आग दोन वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांना कळली. माझं शेवटचं वर्ष हे असं गेलं, कसलंही कौतुक न होता. कामाला लागल्यापासून मी त्या वर्षाइतकं धड काम कधी केलं नसेल.

गेल्या उन्हाळ्यात मी वाड्याला एका लग्नाला गेले होते. येताना अंबाडी नाक्यावर एस.टी. बदलायची होती. भाजीची पिशवी घेऊन उभी होते, तेवढ्यात समोरून सुगंधा आली. अंग भरलेलं, चाल सरळ. बरोबर तिच्याहून थोडी मोठी एक बाई, आणि चेहऱ्यावरूनच ओळखलं, नणंद असणार. मी झटकन मान वळवली आणि बी-बियाण्यांच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. पाटी संपली. परत पहिल्यापासून वाचली.

"म्याडम!"

सुगंधा रस्ता ओलांडून माझ्याच समोर उभी होती. ती नणंदेला म्हणाली, "वन्स, ह्या आमच्या गोडाऊनच्या म्याडम. मीटिंगला आसायच्या ना, त्याच." वन्सनी नमस्कार केला आणि समोरच्या गाड्यावर आंबे बघायला गेल्या.

सुगंधानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी एका पायावर भार देऊन उभी होते, ते तिनं बरोबर हेरलं.

"काय म्याडम, बरंय ना?"

"हो गं, मस्त," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. "टाकली टिक!" मग तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, थांब्याच्या बाकावर ठेवली, मला शेजारी बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली. "आता इचारते. गुडघा कंदीपासून दुखतो?"

आणि ती गप्प बसली. मी सांगायला लागले. गुडघ्यावरून सुरुवात झाली, मग मुलाचं परगावी जाणं आलं, मग रिकामं घर आलं. आंबे घेऊन आलेल्या वन्सही शेजारी बसून ऐकत होत्या. माझी एस.टी. लागली, भरली आणि निघून गेली. सुगंधानं मागे वळूनही बघितलं नाही.